फरशीवरचे डाग आणि ते पुसणारे हात



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘फरशीवरचे डाग’ असे कळविले. त्यांना वाटले, हे काही तरी रूपक असावे; समाजजीवनावरचे डाग, किंवा तसेच काही. त्यांनी पुन्हा फोन करून विषय जरा स्पष्ट करावा असे सुचविले. आम्ही सांगितले, की फरशी म्हणजे पायांखालची फरशी, आणि डाग म्हणजे तेलाचा, चहाचा, गंजाचा डाग. आज आपणांस ऐकावयाचे आहे ते एवढेच आहे.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, त्याचा हेतू लोकांना शहाणे करण्याचा होता. आमच्यासारख्या, शाळा मधेच सुटलेल्या माणसाचे पुष्कळसे शिक्षण अशाच मंडपांत मागल्या रांगेला उभे राहून झाले आहे. ते ऋण फेडायचे, तर आपल्याला ज्यातले थोडेफार कळते त्याच विषयाने फेडावे. लादी पुसणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, जिने झाडणाऱ्या बायाबापड्यांची संघटना करण्यात आमची पंचवीसांहून अधिक वर्षे गेली. डागांविषयी आम्हांस जे कळते त्यातले निम्मे त्यांनी शिकविले, आणि निम्मे सार्वजनिक वाचनालयातल्या रसायनाच्या पुस्तकांनी.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. डाग हा जोराने निघत नाही, ओळखीने निघतो. सामान्यपणे आपण काय करतो? डाग दिसला, की घासणी घेतो. घासणीने गेला नाही, तर तारेची घासणी घेतो. तिनेही गेला नाही, तर बाजारातून एखादी जहाल बाटली आणतो आणि ती कामवाल्या मावशींच्या हातात देतो. या तिन्ही पायऱ्यांवर एक प्रश्न विचारायचा राहून जातो, तो म्हणजे ‘ही फरशी कसली आहे?’ दुसरा प्रश्न, ‘हा डाग कशाचा आहे?’ आणि तिसरा, ‘हा पडून किती वेळ झाला?’ हे तीन प्रश्न जो विचारील, त्याला निम्म्या वेळी बाटली लागणारच नाही.

प्रथम फरशी पाहू. आपल्या घरांतल्या फरश्यांची दोन मोठी घराणी आहेत. एक चुन्याचे घराणे, आणि दुसरे बिनचुन्याचे. नातेवाइकांत जसे नाव वेगळे असले तरी रक्त एक असते, तसेच येथेही आहे. कर्नाटकातल्या शहाबादची आपली जुनी शहाबादी फरशी, राजस्थानातला हिरवट कोटा, स्वयंपाकाच्या ओट्यावरचा काळाभोर कडाप्पा आणि मकराण्याचा पांढराशुभ्र संगमरवर हे चारही दगड दिसायला किती निरनिराळे! पण पहिले तीन चुनखडक आहेत, आणि संगमरवर म्हणजे पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने व दाबाने रूप पालटलेला चुनखडकच आहे. मोझेकची लादी म्हणजे सिमेंटात बसविलेल्या संगमरवराच्या चिपा. मुंबईत स्वदेशीच्या भावनेने १९२२ साली भारत फ्लोअरिंग्ज अँड टाइल्स ही कंपनी निघाली, आणि सिमेंटच्या रंगीत लाद्या इथल्या इथे होऊ लागल्या. त्या लाद्या आणि कोकण-गोव्याकडच्या घरांतला लाल कोबा, हीदेखील याच घराण्याची लेकरे, कारण सिमेंटातही चुना आहे.

दुसऱ्या घराण्यात ग्रॅनाइट येतो, जुन्या वाड्यांच्या चौकातला आपला काळा दगड येतो, आणि चिनी मातीच्या टाइल व गुजरातेत मोरबीला मोठ्या प्रमाणावर होणाऱ्या व्हिट्रिफाइड टाइल येतात. यांच्यात चुनखडक नाही. मात्र दोन टाइलांच्या मधला सांधा बहुधा सिमेंटचाच असतो, म्हणजे घरजावई पुन्हा पहिल्याच घराण्याचा! लाकडी जमीन आणि विनाइलचे पत्रे यांचा संसार निराळा आहे. त्यांच्याविषयी पुढे सांगू. शेणाने सारवलेल्या जमिनीविषयी मात्र आताच एक शब्द सांगतो. तेथे डाग काढीतच नाहीत. तेल सांडले, की तेवढी माती खरवडायची, नवी माती चोपायची आणि वरून सारवण घालायचे. आमच्या आज्यांनी डागाचा प्रश्न जमीनच नवी करून सोडविला होता. आपणांस तसे करता येत नाही, म्हणून हे व्याख्यान.

घराणे ओळखायचे कसे? एखाद्या कोपऱ्यात, कपाटाच्या मागे, लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकावा आणि पाच मिनिटांनी पुसावा. बारीक फुगे आले, किंवा वाळल्यावर पांढुरका ठसा राहिला, तर फरशी चुन्याच्या घराण्यातली आहे. मग त्या घरात लिंबू, व्हिनेगर, चिंच आणि बाटलीतले अॅसिड यांना जमिनीपुरती बंदी. याचे कारण साधे आहे. आम्ल चुनखडकाला लागले, की त्यातून कर्बवायूचे बुडबुडे निघतात आणि दगड विरघळतो. तो फेस पाहून घासणाऱ्याला वाटते, मळ सुटत आहे. प्रत्यक्षात मळाच्या आधी जमीनच सुटत असते.

येथे एक भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. डाग निराळा आणि जखम निराळी. डागात बाहेरचा पदार्थ दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरलेला असतो. तेथे रंग दिसतो, बहुधा गडद. जखमेत पदार्थ शिरलेला नसतो, दगडाचाच वरचा पापुद्रा गेलेला असतो; तेथे रंग नसतो, चकाकी नसते. खिडकीच्या बाजूने तिरपे पाहिले, की ती चटकन दिसते. घरातला कडाप्प्याचा ओटा आठवून पाहा. ज्या जागी रोज लिंबू चिरतात, कोकम भिजवितात किंवा चिंचेने तांब्यापितळेची भांडी घासतात, ती जागा पांढरट पडलेली असते. घरातली माणसे तिला डाग म्हणतात आणि वर्षानुवर्षे घाशीत बसतात. ती जखम आहे. तिच्यावर पुन्हा पॉलिश करणे हाच उपाय. ते करायचे नसेल, तर ती तशीच राहू द्यावी. घासून फक्त मनगट दुखेल.

आता डागांकडे वळू. सांडलेली कोणतीही वस्तू प्रथम टिपून घ्यावी, फासू नये. आणि पुसताना कडेकडून मध्याकडे यावे, म्हणजे डाग पसरत नाही. तेल किंवा तूप सांडले, तर पाणी ओतू नये. त्यावर बेसन, कणीक किंवा खडूची भुकटी टाकून ती तेल पिऊ द्यावी, मग केराबरोबर उचलून कोमट साबणपाण्याने पुसावे. तेल दगडात मुरले असेल तर लेप लावावा लागतो. मुलतानी माती, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि पाणी यांचा दाट लेप करून तो अर्ध्या बोटाएवढा जाड थापावा, वर प्लॅस्टिकचा कागद घालून एक दिवस ठेवावा, मग कागद काढून लेप पूर्ण वाळू द्यावा. वाळताना माती आतले तेल वर ओढते. एकदा केल्याने डाग फिका होतो, दोनतीनदा केल्याने बहुधा जातो. घाईच्या माणसाला हा उपाय आवडत नाही. पण जो डाग महिनाभर आत झिरपत गेला, तो पाच मिनिटांत बाहेर यावा ही अपेक्षाच न्यायाची नाही.

चहा-कॉफीचा ताजा डाग साबणपाण्याने जातो. पांढऱ्या संगमरवरात तो मुरला असेल, तर याच लेपात पाण्याऐवजी औषधाच्या दुकानातले हायड्रोजन पेरॉक्साइड घालावे. काळ्या दगडावर मात्र ते वापरू नये, रंग उडतो. हळदीचा डाग साबण लागताच लालसर होतो आणि नवखी सून घाबरते. घाबरण्याचे कारण नाही. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे कुंकू करणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. साबणातल्या क्षाराने तेच घडते. स्वच्छ पाण्याने पुसावे आणि जागा उन्हात येत असेल तर ऊन लागू द्यावे. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. रक्ताचा डाग थंड पाण्याने धुवावा, गरम पाण्याने तो पक्का बसतो. मेणबत्तीचे मेण पडले, तर त्यावर बर्फ ठेवून ते कडक करावे आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने अलगद उचलावे. रंगाऱ्याने सांडलेले डिस्टेंपरचे थेंब ओल्या फडक्याने भिजवून अशाच पट्टीने निघतात. तेलरंगाला मात्र टर्पेंटाइन लागते, आणि तेव्हा खिडकी उघडी व स्वयंपाकघरातला गॅस बंद हवा.

गंजाचा डाग हा सर्वांत हट्टी. सिलिंडरच्या बुडाचे ते तांबूस कडे आणि लोखंडी कपाटाच्या चार पायांचे ठसे कोणत्या घरात नाहीत? टाइलवर ते लिंबाच्या रसाने किंवा सायट्रिक आम्लाने निघतात. लगेच भरपूर पाण्याने धुतले, की सांध्यालाही धक्का लागत नाही. संगमरवर, मोझेक आणि शहाबादी यांच्यावर मात्र तो उपाय करता येत नाही, कारण गंजाबरोबर फरशीही जाईल. ब्लीचिंग पावडर टाकली, तर गंज जाण्याऐवजी पक्का होतो. म्हणून या डागाला प्रतिबंध हेच औषध. सिलिंडरखाली चाकांची प्लॅस्टिकची बैठक आणि कपाटाच्या पायांखाली रबरी वाट्या घालाव्यात; खर्च एका सिनेमाच्या तिकिटाहून जास्त नाही. गंज काढणारी म्हणून जी औषधे मिळतात, त्यांतल्या काहींत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते ग्रॅनाइटलाही खाते आणि माणसाच्या कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत इजा करते. असली बाटली घरात आणूच नये.

टाइलवर बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर बसतो. एक वाटी व्हिनेगर आणि चार वाट्या पाणी यांनी तो पुसून लगेच धुवावा. हे फक्त दुसऱ्या घराण्यासाठी, हे पुन्हा सांगावयास नकोच. लाकडी जमिनीचा शत्रू पाणी. फडके पिळून घट्ट करावे आणि पाठोपाठ कोरडे फडके फिरवावे. विनाइलचा शत्रू थिनर आणि नखांचे पॉलिश काढण्याचे द्रव. त्यांनी डागाबरोबर पत्राही वितळतो. रबरी बुडाच्या पायपुसण्याखाली विनाइल पिवळे पडते. तो रंग आत उतरलेला असतो आणि निघत नाही. तेथे घासणाऱ्याला बोल लावू नये, पायपुसणे बदलावे.

‘बोल लावू नये’ असे आम्ही म्हटले, आणि येथेच आमच्या विषयाचा दुसरा भाग सुरू होतो. आमच्या कचेरीत आलेले एक प्रकरण सांगतो. गावाचे आणि माणसांचे नाव सांगण्याचे कारण नाही. एका घरात दिवाणखान्याला नवा संगमरवर बसविला होता. कारागिरांनी सिमेंटचे शिंतोडे मागे ठेवले होते. घरच्या बाईंनी दुकानातून एक बाटली आणली आणि मावशींना सांगितले, ‘हे टाकून घासा.’ मावशींनी टाकले, घासले. शिंतोडे गेले आणि त्यांच्याबरोबर दिवाणखान्याची चकाकीही गेली. दोन महिन्यांचा पगार कापण्याचे ठरले. मावशी कचेरीत आल्या, त्यांच्या बोटांच्या पेरांची साले निघालेली होती. त्या म्हणाल्या, “भाऊ, फेस आला तेव्हा मला वाटलं, मळ सुटतोय. मी आणखी जोर लावला.”

आम्ही त्या घरी गेलो. घोषणा दिल्या नाहीत. गच्चीत पडलेला संगमरवराचा एक तुकडा मागितला आणि त्यावर त्याच बाटलीतले चार थेंब टाकले. फेस सर्वांनी पाहिला. मग बाटलीवरचा मजकूर वाचला. संगमरवरावर वापरू नये, हातमोजे घालावे, हे सर्व त्यावर होते. पण बारीक अक्षरांत आणि इंग्रजीत. मावशींना मराठी अक्षरे जुळवून वाचता येतात, इंग्रजी येत नाही. बाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांनी बाटली स्वतःही वाचली नव्हती. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “मावशी, तुमचा हात दाखवा बघू.” पगार कापला गेला नाही. फरशी पुढे पॉलिशवाल्याने नीट केली. मावशींची बोटे बरी व्हायला त्याहून जास्त दिवस लागले.

श्रोतेहो, या प्रकरणात खलनायक शोधू जाल तर सापडणार नाही, पण व्यवस्थेतला दोष सापडेल. बाटली निवडणारा एक, ती हाताळणारा दुसरा, आणि नुकसानीचा धनी तो दुसराच. कारखान्यात मालकाने चुकीचे तेल दिले आणि यंत्र बिघडले, तर त्याची भरपाई कामगाराने करावी असे आज कोणी उघड म्हणणार नाही. पण कारखान्याच्या दारात जे अन्याय्य, ते घराच्या उंबरठ्याच्या आत न्याय्य कसे होते?

याहून गंभीर गोष्ट श्वासाची आहे. संडास-न्हाणीघरे साफ करण्याच्या अनेक द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ब्लीचिंग पावडर आणि पांढरे कपडे धुण्याचे ब्लीच यांत क्लोरीन बांधलेला असतो. ही दोन्ही एकत्र आली, की तो क्लोरीन मोकळा सुटतो. बेल्जियममधील ईप्र या गावाजवळ २२ एप्रिल १९१५ रोजी जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर जो विषारी वायू सोडला, तो हाच. युद्धात तो उघड्या मैदानावर सोडला होता. आपल्याकडे ‘दोन्ही टाकले की जास्त स्वच्छ होते’ या समजुतीने तो चार फूट रुंदीच्या, खिडकी बंद असलेल्या मोरीत तयार होतो, आणि तेथे एक बाई ओणवी बसलेली असते. डोळे चुरचुरतात, छाती भरते, खोकला येतो. घरी सांगतात, ‘धूळ गेली असेल.’ ब्लीच आणि अमोनिया यांची जोडीही अशीच विषारी. म्हणून एक नियम भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे: एका वेळी एकच औषध, आणि दुसरे घेण्यापूर्वी पहिले पाण्याने पूर्ण धुतलेले.

कायदे झाले आहेत. पुण्यात १९८० साली घरकामगार बायकांनी संप केला, तेव्हा कित्येकांना प्रथमच समजले, की हेही काम आहे आणि हेही कामगार आहेत. पुढे २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. २०११ साली जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला, त्यात सुरक्षित व आरोग्यदायी कामाचा हक्क मान्य केला आहे. अॅसिडच्या खुल्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निर्बंध घातले, ते स्त्रियांवर होणाऱ्या हल्ल्यांमुळे. या सर्वांचे आम्ही स्वागतच केले. पण कायदा दिवाणखान्यात येऊन बादलीत डोकावत नाही. तेथे आपणच डोकावले पाहिजे.

तेव्हा संघटनेचा माणूस म्हणून, सवयीप्रमाणे, काही मागण्या मांडतो. मात्र या वेळी त्या सरकारकडे नाहीत, या मंडपात बसलेल्या आपल्याकडे आहेत. घरातली फरशी कसली आहे हे आपण स्वतः ओळखावे आणि जे काम करतात त्यांना पहिल्याच दिवशी सांगावे. बाटली आणणाऱ्याने ती आधी वाचावी आणि मराठीत समजावून सांगावी. कोणतेही औषध पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरू नये. त्यात पोरे दगावतात. रबरी हातमोजे आणि लांब दांड्याचे पुसणे घरात असावे; गुडघ्यांवर बसून लादी पुसण्यात काही पुण्य नाही. आणि जो सामान देईल, नुकसानीची जबाबदारी त्याची. या पाच गोष्टींना मिळून जो खर्च येतो, तो एकदा संगमरवर पॉलिश करण्याच्या खर्चापुढे काहीच नाही. हिशेबाच्या माणसानेही त्या मान्य कराव्यात.

लादी पुसणाऱ्या भगिनींनाही एक सांगणे आहे, कारण मागच्या रांगेत त्या बसलेल्या आम्हांस दिसत आहेत. न वाचलेली बाटली हातात घेऊ नका. ‘बाई, हे कशाचं आहे, कोणत्या फरशीवर चालतं?’ असे विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही. सुतार लाकूड पाहून करवत निवडतो, त्याला कोणी उद्धट म्हणत नाही. कोणती लादी काय सोसते, कोणता डाग कशाने निघतो, हे तुम्हांला हातांनी कळते. या ज्ञानाला विद्या म्हणा, आणि विद्येचे मोल मागायला शिका. दोन खोल्यांचे किती आणि तीन खोल्यांचे किती, एवढ्यावर पगार ठरतो तोवर तुमच्या हातांची मोजणी होते. डोक्याची होत नाही.

उद्या सकाळी घरी गेल्यावर कपाटामागच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून पाहा, एवढीच विनंती. काय दिसले ते मावशींना बोलावून दाखवा, आणि त्यांना आधीच ठाऊक असेल तर त्यांच्याकडून ऐका.